नाशकात बाहेर जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याहून शनिवारी गाडी काढून येणारे पाहुणे, नोकरीनिमित्त सातपूर-अंबडला नुकतीच राहायला आलेली तरुण मंडळी आणि उभा जन्म पंचवटीत काढूनही कॉलेज रोडच्या एखाद्या कॅफेची काचेची दारे ढकलताना बिचकणारे ज्येष्ठ नातेवाईक, अशा तिन्ही प्रकारच्या लोकांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कोणत्या ठिकाणाला किती तारे द्यावेत, याची ही यादी नाही. जेवणाचा विचका बहुतेक वेळा स्वयंपाकामुळे होत नाही, तर आधी विचारायला हवे होते ते न विचारल्यामुळे होतो, असा माझा अनुभव आहे, आणि म्हणून भर त्यावरच आहे.

नाशकात जेवायला नेमके कोठे जावे?

ठिकाणाआधी वेळ ठरवावी, कारण या शहरात कोठे काय चांगले मिळते हे बरेचसे घड्याळावर अवलंबून असते. सकाळी आठ ते अकरा ही वेळ मिसळीची. दुपारी थाळी किंवा घरगुती जेवणाची खानावळ बरी पडते. संध्याकाळी भेळ, पाणीपुरी आणि पाववडा यांच्या गाड्यांभोवती गर्दी जमते, आणि रात्री नऊच्या सुमारास कॉलेज रोड, गंगापूर रोड, महात्मानगर आणि इंदिरानगर या भागांतील कुटुंबांची हॉटेले भरतात. पाववडा म्हणजे वडापाव नव्हे, हे बाहेरगावच्या माणसाला आधीच सांगितलेले बरे: येथे बटाट्याची भाजी पावाच्या पोटात भरतात आणि तो अख्खा पाव बेसनात बुडवून तळतात.

रामकुंड आणि पंचवटी परिसरात यात्रेकरूंची वर्दळ असल्याने साधे शाकाहारी जेवण सहज मिळते. मेन रोड, रविवार कारंजा आणि सराफ बाजार या जुन्या भागात बसून जेवण्यापेक्षा उभ्याने खाण्याची मजा अधिक आहे, मात्र तेथे चारचाकी नेण्याचा हट्ट धरू नये. त्र्यंबक रस्ता आणि गंगापूर धरणाकडचा भाग हिरवळीवरील टेबले, हुरडा-भाकरी आणि वायनरी यांसाठी ओळखला जातो. महामार्गावरील ढाब्यांवर खानदेशी वळणाची शेवभाजी चांगली मिळते. ती मागवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेव रश्शात पडल्यापासून पाच-सात मिनिटांत तिचा लगदा होतो. म्हणून भाकरी टेबलावर आल्यावरच भाजी आणा असे सांगावे, आणि पार्सल न्यायचे असल्यास शेव वेगळी बांधून घ्यावी.

नाशिकची मिसळ एवढी गाजते, तिच्यात वेगळे काय आहे आणि ती कशी खावी?

या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबणार आहे. नाशिकची मिसळ बहुधा एकत्र कालवून समोर येत नाही. ताटात मोड आलेल्या मटकीची उसळ, तीवर शेव किंवा फरसाण, बाजूला बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड, सोबत पापड, बऱ्याच ठिकाणी दह्याची लहान वाटी, आणि रश्शाचे भांडे स्वतंत्र. रस्सा काही ठिकाणी लाल असतो, तर काही ठिकाणी काळ्या मसाल्याचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या आणि खड्या मसाल्यांच्या जोरावर गडद झालेला. वर जो तेलाचा तवंग दिसतो, तो म्हणजे तर्री. तिखटपणाचा मोठा भाग त्यातच असतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने चमचा तळाशी घालून खालचा रस्सा घ्यावा, म्हणजे चव कळते आणि डोळ्यांतून पाणी येत नाही.

पुष्कळ जण भांडे उचलून सगळा रस्सा एकदम ताटात ओततात. तसे करू नये. तीन-चार चमचे घालावेत, तेवढा भाग खावा, पुन्हा घालावेत, म्हणजे शेवटच्या घासापर्यंत शेव कुरकुरीत राहते. बहुतेक मिसळीच्या ठिकाणी रस्सा पुन्हा मागता येतो आणि त्याचे वेगळे पैसे लावले जात नाहीत, पण जादा पाव, दही, ताक आणि पापड यांचे मात्र लागतात. वाढपी टेबलापाशी बादली घेऊन आला की पुरे म्हणायला लाजू नये. ताटात टाकलेला रस्सा पाहून त्याचे तोंड उतरते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

चुलीवरची मिसळ हा प्रकारही येथे बराच रुळला आहे, आणि बारदान फाट्याजवळचे साधना हे त्यातील सर्वपरिचित नाव. चुलीचा धूर चवीत उतरतो की केवळ वातावरणात, याबद्दल घराघरांत वाद आहेत. माझे मत विचाराल, तर चुलीपेक्षा मटकी किती वेळापूर्वी शिजवली आहे यालाच जास्त महत्त्व आहे. सकाळी नऊला जी उसळ अखंड दाण्यांची असते, तीच दुपारी दीडला पिठूळ झालेली असते, आणि मग मिसळ आवडली नाही म्हणून पाहुणे शहराला बोल लावतात.

ती फार तिखट असते का? लहान मुलांना चालेल का?

मध्यम सांगितली तर चालते, पण मध्यम म्हणजे नाशिककरांचे मध्यम, हे लक्षात घ्यावे. मुलांसाठी उसळ-शेव-दही असे ताट रश्शाशिवाय मागावे. जोडीला जिलबी मिळत असेल तर ती जरूर घ्यावी, कारण तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा दही आणि गोड पदार्थ लवकर आराम देतात.

शनिवार-रविवारी टेबल मिळत नाही. त्यावर काही उपाय आहे का?

मुंबईपासून नाशिक सुमारे १७० किलोमीटरवर असल्याने सकाळी निघालेली गाडी साडेदहा-अकराला येथे पोहोचते आणि त्याच वेळी स्थानिक कुटुंबेही बाहेर पडतात. गर्दीचे मुख्य कारण हेच आहे. साडेआठला पोहोचणाऱ्याला सहसा थांबावे लागत नाही. रात्रीच्या जेवणासाठी साडेसातची वेळ धरावी किंवा आधी फोन करून नाव नोंदवावे. अनेक हॉटेले शनिवारी रात्री आगाऊ नोंदणी घेत नाहीत. दारातल्या वहीत नाव आणि माणसांची संख्या लिहून घेतात. तेथे संख्या खरी सांगावी. सहा सांगून नऊ जण आले, की जोडटेबल मिळेपर्यंत पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागते, आणि त्यात चूक मॅनेजरची नसते.

शुद्ध शाकाहारी, जैन आणि उपवासाचे पदार्थ याबाबत खात्री कशी करावी?

मेन्यूकार्डवर पदार्थापुढे हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका शाकाहारासाठी आणि तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण मांसाहारासाठी असतो. चिन्ह पदार्थाबद्दल सांगते, स्वयंपाकघराबद्दल नव्हे. ज्यांना वेगळी कढई आणि वेगळा तवा हवा असतो, त्यांनी पाटीवर शुद्ध शाकाहारी असे लिहिलेले ठिकाणच निवडावे किंवा दोन्ही प्रकारांसाठी स्वयंपाकघर स्वतंत्र आहे का, हे स्पष्ट विचारावे.

जैन पदार्थांची अडचण थोडी निराळी आहे. हॉटेलात पंजाबी भाज्यांची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेली असते आणि तिचा पाया कांदा-लसणाचाच असतो. त्यामुळे वेटरने जैन होईल असे सांगितले, तरी ते केवळ वरून कांदा न घालण्यापुरते आहे की ग्रेव्हीच वेगळी आहे, हे विचारून घ्यावे. काजू-मगजाची पांढरी ग्रेव्ही असेल तर बहुधा निभावते. बटाटा चालत नसेल, तर ते निराळे सांगावे लागते.

श्रावणात नाशकातील कित्येक घरांतून मांसाहार बंद होतो आणि शाकाहारी हॉटेलांत वेळेवर टेबल मिळणे कठीण होते. उपवासाला साबुदाणा वडा हवा असेल, तर जुन्या नाशकातील सायंतारा हे नाव कोणीही सांगेल. इतरत्र मात्र तो कोणत्या कढईत तळला आहे, हे पाहिल्याशिवाय एकादशीला खाऊ नये, असा आमच्या घरातील ज्येष्ठांचा दंडक आहे.

एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर काय करावे?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण उत्तर काळजीपूर्वक वाचावे. महाराष्ट्रीय स्वयंपाकात दाण्याचे कूट इतके सहज पडते, की स्वयंपाक करणाऱ्याला ते वेगळा घटक वाटतच नाही. माझ्या भाचीला शेंगदाणे चालत नाहीत. एका हॉटेलात आम्ही भाजीत शेंगदाणे आहेत का असे विचारले, वेटरने मान हलवून नाही म्हटले, आणि ते एका अर्थी खरेही होते, कारण अख्खा दाणा त्यात नव्हता. कूट होते. पहिल्याच घासाला तिचे ओठ सुजले आणि जेवण अर्ध्यावर टाकून आम्हाला डॉक्टरांकडे धावावे लागले. तेव्हापासून आम्ही दाणे, दाण्याचे कूट, शेंगदाणा तेल आणि चटणी अशी चारही नावे घेऊन विचारतो, आणि निरोप वेटरकडून न पाठवता स्वयंपाकघरातील प्रमुखाला दारापर्यंत बोलावतो.

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना १ जुलै २०२२ पासून मेन्यूवर उष्मांक आणि ॲलर्जीकारक घटक यांची माहिती देणे बंधनकारक आहे. एकट्या-दुकट्या हॉटेलात ती कार्डावर सापडण्याची अपेक्षा ठेवू नये, तेथे तोंडानेच विचारावे.

बिलातील निरनिराळे आकडे कसे वाचावेत?

उठण्याच्या घाईत बिल न वाचता मोबाइल पुढे करण्याची सवय आपल्याला लागली आहे, ती आधी सोडावी. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के असतो आणि तो बिलावर केंद्राचा २.५ टक्के व राज्याचा २.५ टक्के अशा दोन ओळींत दिसतो. हा दर वातानुकूलित आणि साध्या दालनासाठी एकच आहे. एसीत बसल्याबद्दल जास्त कर, हे १५ नोव्हेंबर २०१७ पासून उरलेले नाही. हॉटेलने एसी विभागातील पदार्थांच्या किमतीच जास्त ठेवल्या असतील, तर तो कर नव्हे, तो दर आहे, आणि तो मेन्यूकार्डवर आधी दिसला पाहिजे. मोठ्या निवासी तारांकित हॉटेलांतील रेस्टॉरंटमध्ये मात्र कर १८ टक्केही असू शकतो.

लहान व्यावसायिकांसाठी कंपोझिशन नावाची योजना आहे. ज्यांची वार्षिक उलाढाल दीड कोटी रुपयांच्या आत आहे, ते तिच्यात जाऊन स्वतःच्या उलाढालीवर कर भरतात, पण त्यांना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही आणि तसे बिलावर छापावेही लागते. गेल्या वर्षी एका खानावळीच्या बिलावर वर कंपोझिशन असा शिक्का आणि खाली ५ टक्के कर, असे दोन्ही एकत्र पाहिले. मालकाला दाखवल्यावर त्याने काही न बोलता रक्कम कमी केली. त्याला नियम नवा होता असे मला तरी वाटले नाही.

मद्यावर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे एकाच टेबलावर जेवण आणि मद्य घेतले, तर दोन्हींचे हिशेब वेगळे मांडलेले असावेत. एकूण रकमेवर सरसकट एकच कर लावलेला दिसला, तर बिल परत पाठवावे.

सर्व्हिस चार्ज देणे सक्तीचे आहे का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलाला बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावता येत नाही. तो निराळ्या नावाखालीही घेता येत नाही, आणि तो न दिल्याबद्दल प्रवेश नाकारता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना योग्य ठरवल्या.

याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. जेवणाचे १,२०० रुपये झाले असतील, तर ५ टक्के कर धरून बिल १,२६० रुपये होते. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला, की १२० रुपये वाढतात आणि कर १,३२० रुपयांवर आकारला जातो, म्हणजे बिल १,३८६ रुपयांवर जाते. न मागितलेल्या गोष्टीवर आपण सहा रुपये करही भरतो. चार्ज काढण्याची विनंती मॅनेजरला शांतपणे करावी. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने काम होते. न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

मग टिप किती द्यावी?

जितकी द्यावीशी वाटेल तितकी. फक्त ती बडीशेपच्या ताटलीत रोख ठेवावी किंवा वाढणाऱ्याच्या हाती द्यावी. मोबाइलवरून बिलासोबत भरलेली टिप मालकाच्या खात्यात जाते आणि वाढप्यापर्यंत पोहोचली की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. मिसळीच्या ठिकाणी टिपेची फारशी प्रथा नाही.

पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले. हे चालते का?

बसून जेवण्याच्या हॉटेलात चालते, हे अनेकांना रुचत नाही. हॉटेल केवळ बाटली विकत नाही, तर जागा आणि सेवाही देते, या कारणास्तव तेथे छापील कमाल किमतीचे बंधन लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. किराणा दुकानात किंवा टपरीवर मात्र छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. टेबलावर बसताच वेटर बिसलेरी की साधे असे विचारतो, तेव्हा साधे म्हणण्यात कमीपणा नाही. गप्पांच्या नादात मान हलवली की बाटलीचे झाकण फुटते आणि मग ती परत करता येत नाही.

वायनरीत जेवायला जायचे असल्यास काय माहीत असावे?

नाशिकमध्ये द्राक्षांची काढणी साधारणपणे जानेवारीपासून सुरू होते आणि त्या दिवसांत सुला व इतर वायनरींकडे जाणारा गंगापूर रस्ता सुट्टीच्या दिवशी तुंबतो. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जावे. चव घेण्यासाठी लहान प्याल्यांतून चार-सहा वाइन देतात, त्याचे दर निराळे असतात आणि जेवणाचे निराळे, म्हणून आरंभीच दोन्ही विचारावेत. वाइन न घेणाऱ्यालाही तेथे नुसते जेवता येते. आमच्या काकू दरवेळी लिंबूसरबत घेऊन सूर्यास्त पाहत बसतात आणि कोणी त्यांना हटकत नाही.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून तरुणांनी ओळखपत्र जवळ ठेवावे. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेऊन गाडी चालवणे गुन्हा आहे. परतीसाठी गाडीची सोय आधीच करावी, कारण रात्री त्या बाजूला रिक्षा मिळत नाही. २ ऑक्टोबरसारख्या ड्राय डेला आणि मतदानाआधीच्या ४८ तासांत वाइनही मिळत नाही.

कॅफेत एका कॉफीवर किती वेळ बसले तर चालते?

याला नियम नाही, अंदाज आहे. दुपारी तीनला टेबले रिकामी असताना लॅपटॉप उघडून दोन तास बसले, तर कोणी काही म्हणत नाही. संध्याकाळी साताला दारात लोक उभे असताना मात्र रिकामा कप पुढ्यात ठेवून बसणे शोभत नाही. कॉलेज रोडवरील काही कॅफेंत गर्दीच्या वेळेसाठी किमान बिलाची अट असते, ती काउंटरवर लिहिलेली असते. धूम्रपान २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंद आहे आणि हुक्का पार्लरवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.

अन्न खराब निघाले तर तक्रार कोठे करावी?

प्रथम ताट तसेच ठेवून मॅनेजरला बोलवावे. अर्धे खाऊन झाल्यावर केलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही. ताटाचे छायाचित्र काढावे आणि बिल मागून घ्यावे. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापणे जानेवारी २०२२ पासून आवश्यक आहे आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तोच विचारला जातो. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर पैसे देणाऱ्याकडे हा पुरावा उरत नाही. अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा क्रमांक त्यासाठी आहे. नुकसानभरपाई हवी असल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. चव आवडली नाही, ही मात्र तक्रार होत नाही.

उरलेले अन्न बांधून मागणे बरे दिसते का?

अगदी बरे दिसते. राज्यात २०१८ पासून एकदा वापरून टाकण्याच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, त्यामुळे कागदी खोके मिळते, आणि रस्सा त्यातून हमखास गळतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा गाडीत ठेवावा. भाकरी, पापड आणि शेव त्याच डब्यात न भरता कागदात गुंडाळून न्यावी.